मोकळा खिळा

पिशोरकर मिस्त्री माणसाला हात मिळवायच्या आधी समोरच्या लाकडाला अंगठा लावायचे. बँकेत गेले तर साहेबांच्या टेबलाच्या कडेला, दवाखान्यात गेले तर बाकड्याला, लग्नात गेले तर खुर्चीच्या पाठीला. डोळे मिटायचे, उजवा अंगठा सावकाश फिरवायचा आणि मग निकाल द्यायचा. "रंधा बोथट होता." किंवा, "पॉलिशच्या खाली भोक बुजवलंय." एकदा माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही बरोबर गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा मिस्त्री दाराची चौकट चाचपत डोळे मिटून उभे होते. सोयरीक जमली, पण त्या घरात अजून त्यांचा उल्लेख 'ते चौकटवाले पाहुणे' असाच होतो.

आम्ही दोघं पॅटर्नवाले. लोखंडाचा कुठलाही ओतीव भाग करायचा, तर तो आधी जसाच्या तसा लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना रेतीत दाबून साचा उठवतात आणि साच्यात लोखंडाचा रस ओततात. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडची एक रांग आहे, तिथं त्यांचं आणि माझं शेड शेजारी शेजारी, मध्ये एकच पत्रा. आता हे काम संगणकावर चालणारी मशिनं करतात. आमच्या रांगेत लाकडाचा भुसा शेवटी दोनच दारांतून उडायचा.

मला मिस्त्रींचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. कामाचा नव्हे. कामात हात माझा सरस होता. विशेषतः गोलाई. पंपाच्या अंगाला गोगलगायीसारखा वळत जाणारा फुगवटा असतो, तो कोरताना माझी पटाशी कुठं थांबली आणि कुठून पुन्हा निघाली, हे कुणाला सापडायचं नाही. जुन्या शहरात ज्यांच्याकडं आम्ही दोघं शिकलो ते उस्ताद मला म्हणायचे, "आखणी इसकी, हाथ तेरा. दोनों मिलके एक मिस्त्री होते तुम." उस्तादांना वाटायचं ते कौतुक करताहेत. मला मात्र आखणीही, म्हणजे लाकडावर मापं काढायचं कामही, माझंच हवं होतं.

हेवा वाटायचा तो माणसांचा. काम माझ्याकडं द्यायला आलेले लोक चहा मिस्त्रींकडं प्यायचे. फाउंड्रीचा सुपरवायझर माझ्याकडं येऊन दोन मिनिटांत ड्रॉइंग टाकून जायचा आणि पत्र्यापलीकडं अर्धा तास हसत बसायचा. मी इकडं कानस चालवत ऐकायचो. मिस्त्री विनोद करत नसत. ते फक्त विचारायचे, "आईचं गुडघ्याचं काय म्हणतंय?" एवढ्यावर मोठमोठी माणसं विरघळायची. मीही एकदोनदा गिऱ्हाइकांना त्यांच्या आईचे गुडघे विचारून पाहिले. एकाची आई वारलेली निघाली, तेव्हापासून सोडून दिलं.

आता एका परदेशवारीचं. शहरातल्या एका कॉलेजच्या मॅडम मुलांना घेऊन आमच्या रांगेत यायच्या. हॉलंडमधल्या एका बंदराच्या गावी जहाजांची इंजिनं ओतणारी जुनी फाउंड्री होती. ती बंद पडली, तेव्हा गावानं ती पाडली नाही, आत कारागिरांना जागा दिल्या. कुणी मातीची भांडी करतं, कुणी व्हायोलिन, कुणी खुर्च्या, कुणी जोडे. तिथं लाकडात काम करणारी चार देशांची माणसं तीन आठवडे एकत्र बसणार होती. आपल्याकडून एकाला न्यायचं होतं, सगळा खर्च त्यांचा. मॅडम आधी माझ्याकडं आल्या. हे नीट लक्षात घ्या. आधी माझ्याकडं आल्या.

मी पाय लांब करून बसलो होतो. "तिकडं जाऊन आम्ही काय करायचं मॅडम? त्यांची फाउंड्री बंद पडली, आमची बंद पडायला आली. एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचं का?" माझ्या बोलण्यावर मीच खूश झालो. खरं कारण होतं इंग्रजीचं. अनोळखी लोकांत आपण मुके ठरू ही भीती होती. मॅडम म्हणाल्या, विचार करा, दोन दिवसांनी येते. दोन दिवसांनी मी आणखी भाव खाल्ला आणि शेवटी थट्टेनं पत्र्याकडं बोट केलं. "त्यांना विचारा. ते येतील." मिस्त्री तोवर पुण्यालासुद्धा एकदाच गेले होते आणि घाटात त्यांना उलट्या झाल्या होत्या. मला वाटलं, चांगली गंमत होईल.

पलीकडून मिस्त्रींचा आवाज आला. "कधी निघायचं?"

पुढं पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले. मिस्त्रींनी ओळखीच्या दोन माणसांत एक नाव माझं दिलं होतं. "हा गृहस्थ माझ्या माहितीत सद्वर्तनी आहे" अशा मजकुराखाली मी सही केली. इतक्या जोरात केली की कागद मागून उठला.

ते तीन आठवडे रांगेत फार शांतता होती. मी कामं वेळेत दिली, चहासुद्धा पाजला. लोक म्हणायचे, "मिस्त्रींचा काही फोन?" मी म्हणायचो, असतील मजेत. आतून इच्छा अशी होती की त्यांना तिथली थंडी बाधावी. फार नाही, थोडी. निदान जेवणाचे हाल व्हावेत.

परत आल्यावर त्यांनी फुशारकी मारावी म्हणून मी वाट बघत होतो. फुशारकी मारणाऱ्याचा राग करायला सोपं जातं. ते आले तेच जुन्या स्वेटरमध्ये, आणि माझ्या हातात लाकडाचा एक चौकोनी तुकडा ठेवला. "डोळे मीट. बोट फिरव." लोण्यासारखं मऊ लाकूड होतं, रेघ कुठं बोटाला लागत नव्हती. "तिकडं व्हायोलिन करणारा एक म्हातारा भेटला. त्याला माझं कळंना, मला त्याचं कळंना. मग त्यानं अंगठा लावला, मी अंगठा लावला. तीन आठवडे तेवढ्यावरच बोललो." मी तो तुकडा त्यांच्यासमोर कौतुकानं ठेवून घेतला आणि ते गेल्यावर भुशाच्या पोत्यात टाकला. संध्याकाळी पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून शोधून काढला. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

तिकडच्या त्या गावाचं नाव मिस्त्री दोनदा सारखं कधी उच्चारू शकले नाहीत. तिथल्या इमारती, पूल, कालवे याबद्दल विचारलं तर "हायेत की" एवढंच. पण एका भिंतीबद्दल ते रोज बोलायचे. त्या जुन्या फाउंड्रीत शिरल्या शिरल्या एक लांब भिंत होती आणि तिच्यावर फसलेली कामं टांगलेली होती. तडकलेलं भांडं, वाकडी खुर्ची, गळ्यापाशी फुटलेलं व्हायोलिन. खाली करणाऱ्याचं नाव आणि काय चुकलं ते. "लपवायचं नाय म्हणत्यात. नवा माणूस आला की आधी त्याला ती भिंत दाखवत्यात, मग चहा."

आमच्या धंद्यात चुकलेला पॅटर्न गिऱ्हाइकानं बघायच्या आत करवतीखाली जातो आणि तिथून घरच्या बंबात. वाळूजच्या पॅटर्नवाल्यांच्या घरात वर्षानुवर्षं आंघोळीचं पाणी आमच्या चुकांवरच तापलेलं आहे. त्यामुळं एका सकाळी मी आलो आणि मिस्त्रींच्या शेडच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर, भर रस्त्याकडं तोंड करून, पाच फसलेले पॅटर्न टांगलेले पाहिले, तेव्हा मला वाटलं माणूस कामातून गेला. प्रत्येकाखाली खडूनं लिहिलेलं. 'लाकूड ओलं होतं. मला माहीत होतं.' दुसऱ्याखाली, 'इथं घाई केली.' तिसऱ्याखाली, 'फोन वाजला.' आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव, गाव पिशोर, ता. कन्नड.

मी हसलो. रांगेतले सगळे हसले. खोटं कशाला सांगू, एकदोन गिऱ्हाइकांना मी मुद्दाम तिकडून फिरवून आणलं. "बघा, आमच्या शेजाऱ्यांचं प्रदर्शन." त्यातला एक तरुण इंजिनीअर 'लाकूड ओलं होतं' समोर बराच वेळ उभा राहिला आणि सरळ मिस्त्रींच्या दारात शिरला. म्हणाला, "जो माणूस हे लिहितो, त्याच्याकडंच मला काम करून घ्यायचंय." गिऱ्हाईक माझं होतं. आणलं मी होतं.

मग ती भिंत वाढत गेली. कॉलेजची मुलं यायला लागली. शिफ्ट सुटल्यावर कामगार मोटारसायकली थांबवून वाचायला लागले. एका टर्नरनं आपला फसलेला शाफ्ट आणून टांगला, एका वेल्डरनं आपलं वेल्डिंग. दहा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं त्या भिंतीपुढं आपापल्या चुकांवर वाद घालताना मी पाहिली. आणि हे सगळं ज्या प्रवासातून आलं, तो प्रवास मी थट्टेनं पत्र्यापलीकडं फेकला होता.

मिस्त्रींनी भिंतीवर एक खिळा कायम मोकळा ठेवलेला होता. दुसरं काही टांगायला आलं की त्याच्यासाठी ते नवा खिळा ठोकायचे, त्या एकाला हात लावू द्यायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तिकडंबी असाच होता. कुणाला आणून लावायचं असलं तर जागा पाहिजे ना." हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पण मिस्त्री बुटके आहेत. त्यांचे सगळे खिळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणि तो एक बरोबर माझ्या.

इथं मला मागं जावं लागेल. उस्तादांकडची गोष्ट, पंचविसेक वर्षांपूर्वीची. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्याकडं वेगळी पट्टी असते, श्रिंकेजची. तिच्यावर शंभर मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण खरी लांबी एकशेएक. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच, फक्त टोकाला एक खूण. पंपाचं एक मोठं काम आलं. मिस्त्री जेवायला गेले होते. मला वाटलं, आज आखणीही आपणच करून दाखवू. मी हाताला लागली ती पट्टी उचलली, आखणी केली, आणि पुढं आठवडाभर त्या पंपावर असा हात चालवला की तसा नंतर कधीच चालला नाही. मी उचललेली पट्टी साधी होती, ओतून आलेले सगळे पंप मापाला कमी भरले. अख्ख्या भट्टीचा माल भंगारात गेला.

उस्तादांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर आपटल्या आणि विचारलं, "आखणी किसने की?" मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली भुशाकडं पाहिलं. मग मिस्त्री म्हणाले, "आखणी माझ्याकडंच असती, उस्ताद." त्या आठवड्यात त्यांना तिथून जावं लागलं. पॅटर्न जाळायचं काम उस्तादांनी मला दिलं. मी तो जाळला नाही. गोणपाटात गुंडाळून घरी नेला आणि माळ्यावर टाकला. पश्चात्ताप म्हणून नव्हे. ती गोलाई जाळवेना.

मिस्त्रींनी वाळूजला स्वतःचं शेड टाकलं. उस्ताद वारल्यावर, आपल्या शेजारचं शेड रिकामं झाल्याचं मला मिस्त्रींनीच कळवलं. इतक्या वर्षांत त्या पंपाचा शब्द त्यांनी काढला नाही. मीही नाही. त्यांनी माझ्यावर उपकार केले होते, आणि ज्याचे उपकार आहेत त्याच्यावर माया करणं मला कधी जमलं नाही. पण ती भिंत झाल्यापासून मी रोज सकाळी गाडी लावायच्या आधी तो मोकळा खिळा बघायचो. तो रिकामा दिसला की सुटल्यासारखं वाटायचं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा राग यायचा.

मग मिस्त्रींचे डोळे गेले. एकदम नाही, अंधार कडांकडून आत येत येत. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आता करवतीजवळ जायचं नाही. ते म्हणाले, "डोळ्यानं मी तसंबी कमीच काम केलं," पण शेड सोडावं लागलं. जायच्या दिवशी त्यांनी आपला रंधा मला दिला, पत्र्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि मुलाच्या गाडीत बसून पिशोरला गेले. त्यांचं शेड एका खोकी साठवणाऱ्यानं घेतलं. त्याला भिंतीशी देणंघेणं नव्हतं, म्हणून भिंत तशीच राहिली. आता लोक माझ्याकडं चहा पितात का? नाही. भिंतीपुढं उभे राहतात आणि जातात.

त्यानंतर महिन्याभरात मॅडम आल्या. तिकडून त्या तीन आठवड्यांचे फोटो आले होते. एक त्यांनी मोबाईलवर मोठा करून दाखवला. "हे मिस्त्रींनी त्यांच्या भिंतीवर टांगलेलं. तिथं अजून आहे. तुम्हीच का ते शेजारी?" फोटोत तळहाताएवढा लाकडी पंप होता. आठवणीतून केलेला, घाईतला, गोलाई ओबडधोबड. खाली मिस्त्रींच्या अक्षरात मराठीतून लिहिलं होतं: 'पट्टी चुकली. खऱ्या पंपाची गोलाई माझ्या शेजाऱ्याची होती. तशी मला कधी आली नाही, इथंही नाही.'

मॅडम गेल्यावर मी पत्र्याला टेकून बसून राहिलो. माझं काम सातासमुद्रापार जाऊन आलं होतं आणि तेही त्यांच्याच हातून. त्यातही ते माझ्यापुढं होते.

रविवारी मी माळ्यावरून गोणपाट काढलं आणि पिशोरची एसटी पकडली. पंप मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी म्हणालो, जुनं काम आहे.

मिस्त्री ओट्यावर बसले होते. आवाजावरून ओळखलं. "बापू का? कामून आला रे इतक्या उन्हाचा?" मी पंप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. खरं तर मिटायची गरज उरली नव्हती. अंगठा फुगवट्यावर चढला, वळणाबरोबर वळला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. दुसऱ्यांदा फिरला. मी एसटीत पाठ केलेलं वाक्य बोलून टाकलं. "मिस्त्री, ती आखणी माझी होती."

"व्हय. माझी नव्हती म्हणल्यावर तुझीच असणार. तिसरा कोण होता तिथं?"

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"तुला घालवलं असतं तर उस्तादाकडं हे कुणी केलं असतं? आखणी कुणालाबी शिकवता येती." अंगठा अजून फिरतच होता. मग ते एकदम म्हणाले, "मी लई जळायचो तुझ्यावर, बापू. पत्र्यापलीकडून तुझी कानस ऐकू आली की माझं चित्त उडायचं. त्या म्हाताऱ्याच्या व्हायोलिनला हात लावला, तवा बी पहिला तूच आठवला. तिथं मग ते लिहून टाकलं अन् मोकळा झालो."

उगाच मोठेपणा घेत नाही. त्या ओट्यावर मला जो आनंद झाला, तो पोरीच्या लग्नातही झाला नव्हता. पंचवीस वर्षं मी ज्या माणसावर जळत आलो, तो पलीकडं बसून माझ्यावर जळत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी दोन्ही येऊ दिलं.

त्यांनी पंप उचलून माझ्याकडं परत केला. "पण हे इकडं कामून आणलंस? खिळा तिकडं हाये. अन् लिहिताना अक्षर नीट काढ. तुझं अक्षर लई वंगाळ."

सोमवारी सकाळी रांग जागी व्हायच्या आत मी पंप त्या खिळ्यावर टांगला. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. खाली खडूनं लिहिलं, 'आखणी माझी.' नाव लिहिलं. थोडी जागा उरली होती, तिथं 'गोलाईही माझीच' असं लिहून टाकलं. मग पिशोरला फोन लावून वाचून दाखवलं.

मिस्त्री म्हणाले, "बरं झालं. मग आता मोकळा कोणता?"

मी भिंतीकडं पाहिलं. एकही मोकळा नव्हता. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. फोन तसाच चालू ठेवून खिशात टाकला, आतून हातोडी आणली आणि पंपाच्या शेजारी नवा खिळा ठोकला. फोन पुन्हा कानाला लावला.

"ऐकला," मिस्त्री म्हणाले. "वाकडा गेलाय."

मी बघितलं. वाकडाच गेला होता.